नावनिशी कुठे ठेवली आहे?
डीबगिंगच्या खुणा आणि त्यांचा पत्ता

संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम दोन रूपांत अस्तित्वात असतो. एक रूप माणसाने वाचावयाचे. त्यात फंक्शनला नाव असते, चलाला नाव असते, प्रत्येक ओळीला क्रमांक असतो. दुसरे रूप यंत्राने चालवावयाचे. तेथे नावांना काही किंमत नाही. सगळा कारभार आकड्यांचा आणि पत्त्यांचा. प्रोग्राम सुरळीत चालू असतो तोपर्यंत या दुसऱ्या रूपाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. परंतु तो मध्येच कोसळला म्हणजे यंत्र आपल्यासमोर एक लांबलचक आकडा ठेवते आणि गप्प बसते. हा आकडा कोणत्या फंक्शनमधला, कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतला, हे सांगणारी नोंद हाताशी असेल तर दोष पाच मिनिटांत सापडतो. नसेल तर पाच दिवस जातात, आणि तरीही तो सापडेलच अशी शाश्वती नाही.

या नोंदींना डीबगिंग सिंबॉल्स म्हणतात. प्रस्तुत लेखात मी त्यांना 'नावनिशी' म्हणणार आहे. गावच्या दप्तरातील नावनिशीसारखेच त्यांचे काम असते, म्हणून हा शब्द मला सोयीचा वाटतो. ही नावनिशी प्रोग्रामपासून वेगळी का काढतात, निरनिराळ्या कार्यप्रणाली ती कोठे ठेवतात, आणि डीबगर नावाचा दोषशोधक ती नेमकी कशी हुडकून काढतो, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा येथे विचार आहे. एक खुलासा आधीच केलेला बरा. लेखात फायलींचे मार्ग व आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत; यंत्रावर टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीत टंकावयाच्या.

नावे वेगळी का काढतात?

आपण सी भाषेतील प्रोग्राम 'डॅश जी' हा पर्याय देऊन कंपाइल केला की कंपायलर यंत्रभाषेबरोबर आणखी एक बाड तयार करतो. कोणते फंक्शन कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत आहे, कोणते चल कोणत्या प्रकारचे असून ते कोठे ठेवले आहे, मूळ फाइलची कोणती ओळ यंत्रभाषेच्या कोणत्या पत्त्याला लागू पडते, हे सर्व त्यात असते. युनिक्स व लिनक्सच्या घराण्यात हे बाड 'ड्वार्फ' नावाच्या पद्धतीने लिहितात. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात बेल लॅबोरेटरीज येथे जन्मास आली. तिची पाचवी आवृत्ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. ज्या फाइलीत हे बाड राहते त्या फाइलीच्या रचनेचे नाव 'एल्फ'. एल्फ आणि ड्वार्फ हे दोन्ही युरोपातील लोककथांतले जीव. शास्त्रज्ञांनाही विनोदाची हौस असते, हे यावरून दिसेल.

या बाडाचा आकार पुष्कळ वेळा मूळ यंत्रभाषेच्या कित्येक पट भरतो. प्रोग्राम चालताना ते स्मृतीत चढत नाही, हे खरे. पण चकतीवर जागा अडवते आणि जाळ्यावरून पाठवताना वेळ खाते. जागेची ही चिंता जुनीच आहे. पीडीपी-११ यंत्रावर पहिले युनिक्स चालले तेव्हा त्याच्या चकतीवर एकूण जागा ५१२ किलोबाइट होती. त्यामुळे १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकातही 'स्ट्रिप' ही आज्ञा आढळते, यात नवल नाही. फाइलीतील नावे खरवडून काढणे एवढेच तिचे काम. ती आज्ञा आजही त्याच नावाने चालू आहे.

दुसरे कारण धंद्याचे. फंक्शनांची नावे वाचून प्रोग्रामची रचना बरीचशी उलगडते. आपले अंतरंग स्पर्धकाला दिसू नये म्हणून कंपन्या गिऱ्हाइकाला नावे काढलेली प्रत देतात आणि नावनिशी स्वतःच्या कपाटात ठेवतात.

म्हणजे नावे नष्ट करावयाची नसतात, वेगळी ठेवावयाची असतात. वेगळी ठेवली की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. गरज पडेल त्या दिवशी ही दोन बाडे पुन्हा एकत्र कशी यावीत?

शेत आणि दप्तर

हा प्रश्न संगणकवाल्यांनी नव्याने शोधून काढला, असे मला वाटत नाही. मी मूळचा आदिलाबाद जिल्ह्यातील बोथचा. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात मराठी आणि तेलुगू, आणि निजामी अमदानीतले जुने महसुली कागद उर्दूत. तेथील कोणत्याही शेताच्या बांधावर उभे राहिले तर कापूस दिसतो, तूर दिसते, धुरे आणि हद्दीचे दगड दिसतात. मालकाचे नाव मातीवर कोठेही लिहिलेले नसते. पीक येण्यासाठी त्याची गरजही नसते. पण हद्दीवरून तंटा उभा राहिला की शेत मुके होते, आणि सेतवार व पहाणी यांसारख्या कागदांना तोंड फुटते. ते कागद मात्र शेतात नसतात, कचेरीत असतात. शेत आणि कागद यांना जोडणारा दुवा एकच. तो म्हणजे सर्व्हे नंबर.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की नुसता आकडा पुरत नाही. पंचवीस नंबरचे शेत गावोगाव असते. गाव आणि नंबर मिळूनच ओळख पुरी होते. दुसरी अशी की कागद ठेवण्याची जागा बदलत राहते. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते तेथून निघाले आणि पुढे महाराष्ट्राचे झाले. बोथ आधी आंध्र प्रदेशात व २०१४ पासून तेलंगणात आले. तेलंगणात २०२० साली जमिनीच्या नोंदींसाठी 'धरणी' ही संगणकीय व्यवस्था आली आणि २०२५ साली तिच्या जागी 'भूभारती' आली. कचेऱ्या बदलल्या, कपाटे बदलली, राज्येही बदलली. जो माणूस केवळ "अमुक कचेरीतल्या अमुक कपाटात" एवढाच पत्ता धरून बसेल तो हिंडतच राहील. ज्याच्या हाती गावासह नंबर आहे त्याला कागद लागण्याची आशा असते.

जागा आणि ओळख यांतला हा फरक मनात ठेवला की पुढील तांत्रिक भाग सोपा जातो.

लिनक्समधील पत्ते

लिनक्सवर सर्वाधिक वापरला जाणारा डीबगर म्हणजे जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ साली लिहिला. जीडीबीला नावे काढलेला प्रोग्राम दिला की तो नावनिशीचा शोध दोन वाटांनी घेतो.

पहिली वाट फाइलीच्या नावाची. नावे काढताना प्रोग्रामच्या पोटात एक छोटी चिठ्ठी ठेवता येते. तिला 'डीबगलिंक' म्हणतात. नावनिशीच्या फाइलीचे नाव आणि त्या फाइलीच्या मजकुरावरून काढलेली एक तपासबेरीज, एवढेच त्या चिठ्ठीत असते. समजा, प्रोग्राम '/यूएसआर/बिन/एलएस' हा आहे आणि चिठ्ठीत 'एलएस.डीबग' असे नाव आहे. तर जीडीबी पुढील तीन ठिकाणी क्रमाने पाहतो. प्रथम प्रोग्रामच्याच शेजारी, म्हणजे '/यूएसआर/बिन/एलएस.डीबग' येथे. मग शेजारच्या 'डीबग' नावाच्या लपलेल्या पेटीत, म्हणजे '/यूएसआर/बिन/.डीबग/एलएस.डीबग' येथे. शेवटी साऱ्या यंत्राच्या सामाईक दप्तरात, म्हणजे '/यूएसआर/लिब/डीबग/यूएसआर/बिन/एलएस.डीबग' येथे. या सामाईक दप्तरात मूळ मार्गाची हुबेहूब नक्कल केलेली असते, हे शेवटच्या पत्त्यावरून कळेल.

फाइल सापडली तरी जीडीबी डोळे मिटून ती स्वीकारत नाही. तिची तपासबेरीज पुन्हा काढून चिठ्ठीतील आकड्याशी ताडून पाहतो. जुळली नाही तर इशारा देतो आणि ती फाइल बाजूला ठेवतो. पंचवीस नंबर गावोगाव असतो; त्यातला आपला कोणता, याची ही खातरजमा.

दुसरी वाट ओळखक्रमांकाची, आणि ती अधिक भक्कम आहे. लिंकर हा प्रोग्रामचे तुकडे जोडून अंतिम फाइल बनवतो. तो जोडणी करताना एकूण मजकुरावरून एक ठसा काढतो आणि फाइलीत नोंदवतो. याला 'बिल्ड आयडी' म्हणतात. सामान्यतः तो २० बाइटांचा, म्हणजे सोळाच्या पाढ्यातील ४० अक्षरांचा असतो. नावे खरवडली तरी हा ठसा जात नाही; आणि वेगळ्या काढलेल्या नावनिशीतही तोच ठसा उतरतो. एकाच पत्राचे दोन तुकडे केले तरी दोहोंवर एकच शिक्का राहावा, तसे हे आहे.

आता शोध कसा होतो ते पाहू. बिल्ड आयडी 'एबीसीडीईएफ१२३४' असा आहे असे सोयीसाठी धरू. त्याची पहिली दोन अक्षरे पेटीचे नाव होतात आणि उरलेली अक्षरे फाइलीचे. म्हणजे पत्ता झाला '/यूएसआर/लिब/डीबग/.बिल्ड-आयडी/एबी/सीडीईएफ१२३४.डीबग'. दोन अक्षरांच्या या युक्तीमुळे हजारो फायली एकाच पेटीत कोंबल्या जात नाहीत. त्या २५६ पेट्यांत वाटल्या जातात. प्रोग्राम कोणत्याही मार्गावर हलवा, त्याचे नाव बदला, हा पत्ता बदलत नाही. म्हणूनच जीडीबी आधी या वाटेने पाहतो आणि मग वर सांगितलेल्या तीन ठिकाणी जातो.

ही दप्तरे भरण्याचे काम लिनक्सची वितरणे करतात. फेडोरामध्ये 'डीबगइन्फो' नावाची वेगळी पॅकेजे असतात. त्यांच्या जोडीला मूळ संहिता '/यूएसआर/एसआरसी/डीबग' येथे ठेवणारीही पॅकेजे असतात. डेबियनमध्ये पूर्वी नावाला 'डीबीजी' हे शेपूट लावलेली पॅकेजे प्रत्येक सांभाळकर्ता हाताने बनवी. २०१७ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून 'डीबीजीसिम' शेपटाची पॅकेजे आपोआप तयार होऊन वेगळ्या भांडारात राहू लागली. ती बसवली की फायली वर सांगितलेल्या बिल्ड आयडीच्या पेट्यांत जाऊन पडतात.

अडत दुकानातील एक प्रसंग

हे सारे कोरडे वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. बोथ परिसरातील एका अडत दुकानात कापूस आणि सोयाबीनची वजने नोंदवून पट्टी छापणारा एक छोटा प्रोग्राम होता. कोणा होतकरू मुलाने तो सी भाषेत लिहून दिला होता आणि नोकरीसाठी तो पुढे शहरात गेला होता. ऐन हंगामात एके दुपारी प्रोग्राम कोसळू लागला. गाड्यांची रांग लागलेली. पट्टी हाती पडल्याशिवाय शेतकऱ्याला पैसे मिळत नाहीत, आणि पैसे मिळाल्याशिवाय तो गाडी परत फिरवू शकत नाही. दुकानात वहीपेन बाहेर निघाले. संध्याकाळी मला बोलावणे आले.

यंत्रावर डेबियन होते. कोसळताना प्रोग्रामच्या स्मृतीची जी प्रतिमा चकतीवर उतरते, ती मिळाली. जीडीबीत उघडली तेव्हा हाकांची साखळी दिसली. पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या जोड्या होत्या. जाळ्यावरून सी ग्रंथालयाची नावनिशी मागवताच वरच्या कडीला नाव आले; मजकुराची नक्कल करणाऱ्या 'स्ट्रकॉपी'च्या आत प्रोग्राम मेला होता. परंतु त्या स्ट्रकॉपीला हाक मारणारे दुकानाच्या प्रोग्राममधले फंक्शन कोणते, तेथे मात्र प्रश्नचिन्हच राहिले. जगभरातल्या असंख्य लोकांनी वापरलेल्या ग्रंथालयाची नावे कोणीतरी जपून ठेवली होती. आमच्या दुकानातल्या प्रोग्रामची नावे कोणीच ठेवली नव्हती.

त्या मुलाशी फोनवर बोलणे झाले. मूळ संहिता त्याच्याजवळ होती. त्याने ती आपल्या नव्या संगणकावर 'डॅश जी' लावून कंपाइल केली आणि फाइल पाठवली. तिचा बिल्ड आयडी जुळेना. जुळणार तरी कसा? कंपायलरची आवृत्ती निराळी, ग्रंथालये निराळी. जोडून निघालेली यंत्रभाषाही निराळी. तीच संहिता म्हणजे तोच प्रोग्राम नव्हे, हे विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. अशी परकी नावनिशी डीबगरच्या गळी बळेच उतरवता येते. जीडीबी ती घेतोही. मग तो नावे सांगतो, ओळी सांगतो, सारे काही ठामपणे सांगतो, आणि ते चुकीचे असते. शेजारच्या शेताचा कागद घेऊन आपल्या शेताची हद्द मोजावी, त्यातला हा प्रकार. नाव नसण्यापेक्षा खोटे नाव अधिक घातक, कारण नाव नसले तर माणूस निदान शोधत राहतो.

दोन दिवसांनी त्या मुलाला एका जुन्या पेन ड्राइव्हवर बांधणीच्या दिवशीची, नावे न काढलेली प्रत सापडली. तिचा बिल्ड आयडी अक्षर न् अक्षर जुळला. ती जीडीबीला देताच प्रश्नचिन्हे गेली आणि दोष उघडा पडला. एका दिवसात २०० गाड्यांची नोंद मावेल एवढाच तक्ता प्रोग्राममध्ये ठेवला होता. त्या दिवशी २०१वी गाडी आली. तिची नोंद तक्त्याबाहेर, शेजारच्या पॉइंटरवर लिहिली गेली आणि त्या बिघडलेल्या पॉइंटरवर भरवसा ठेवून स्ट्रकॉपीने भलत्याच पत्त्यावर हात घातला. दुरुस्ती एका ओळीची होती. तिच्यासाठी हंगामातले तीन दिवस गेले, ते केवळ नावनिशी जागेवर नव्हती म्हणून.

इतर कार्यप्रणालींचे रिवाज

विंडोजमध्ये नावनिशी 'पीडीबी' नावाच्या फाइलीत असते. प्रोग्रामच्या पोटात एक छोटी नोंद ठेवतात. तीत १६ बाइटांचा एक अद्वितीय क्रमांक, 'वय' म्हणून ओळखला जाणारा एक आकडा, आणि बांधणीच्या यंत्रावर पीडीबी फाइल जेथे होती तो मार्ग, अशा तीन गोष्टी असतात. डीबगर त्या मार्गावर पाहतो, प्रोग्रामच्या शेजारी पाहतो, आणि सिंबॉल पाथ म्हणून आपण जी ठिकाणे सांगितली असतील तेथे पाहतो. या ठिकाणांत सिंबॉल सर्व्हर नावाचे भांडारही सांगता येते. भांडारातील मांडणी अशी असते की फाइलीच्या नावाची एक पेटी, तिच्या आत अद्वितीय क्रमांक व वय मिळून झालेल्या नावाची दुसरी पेटी, आणि तिच्या आत खरी फाइल. त्यामुळे एकाच नावाच्या प्रोग्रामच्या शेकडो आवृत्त्यांची नावनिशी एकाच भांडारात बिनतक्रार नांदते. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या कार्यप्रणालीसाठी असे सार्वजनिक भांडार ठेवले आहे. मात्र त्यातील नावनिशी बहुतांशी निवडक असते, अंतरंगाचा तपशील त्यातून वगळलेला असतो.

ॲपलच्या मॅकमध्ये थोडी निराळी तऱ्हा आहे. तेथे लिंकर ड्वार्फची नोंद अंतिम फाइलीत घेतच नाही. मूळ तुकड्यांच्या फायली कोठे आहेत, एवढीच टिपणी तो ठेवतो. नंतर 'डीसिमयुटिल' हा साहाय्यक प्रोग्राम ते तुकडे हिंडून गोळा करतो आणि 'डीसिम' नावाचे गाठोडे बांधतो. प्रत्यक्ष नावनिशी त्या गाठोड्यातील 'कंटेंट्स/रिसोर्सेस/ड्वार्फ' या मार्गावर असते. प्रोग्राम आणि गाठोडे या दोहोंवर १२८ बिटांचा एकच ओळखक्रमांक असतो. मॅकची फायली शोधणारी व्यवस्था, स्पॉटलाइट, हे क्रमांक आपल्या सूचीत नोंदवून ठेवते. त्यामुळे गाठोडे चकतीवर कोठेही असले तरी डीबगरला ते बहुधा सापडते.

फ्रीबीएसडीमध्ये मूळ प्रणालीची नावनिशी '/यूएसआर/लिब/डीबग' येथेच असते आणि स्थापनेच्या वेळी ती वेगळा संच म्हणून निवडता येते. नेटबीएसडीमध्ये तेच दप्तर '/यूएसआर/लिबडेटा/डीबग' येथे आहे.

रिवाज निरनिराळे असले तरी तत्त्व एकच आहे. पेटी कोणतीही असो, प्रोग्रामवर आणि नावनिशीवर एकच ठसा हवा.

जाळ्यावरचे दप्तर

ठसा एवढा नेमका असेल, तर दप्तर आपल्याच यंत्रावर असण्याची गरज काय? हा विचार लिनक्सच्या जगात २०१९ साली 'डीबगइन्फोडी' या सेवकाच्या रूपाने आला. डीबगर त्याला केवळ बिल्ड आयडी सांगतो आणि तो त्या ठशाची नावनिशी, किंवा मूळ संहितेची फाइल, पाठवून देतो. आलेली फाइल आपल्या घरच्या पेटीतील 'कॅश' विभागात जपून ठेवली जाते, म्हणजे दुसऱ्यांदा मागवावी लागत नाही. जीडीबीच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ही सोय आहे. यंत्रावरच्या पेट्यांत काही मिळाले नाही, तरच जीडीबी या वाटेला जातो.

येथे एक सावधगिरी हवी. आपण कोणत्या प्रोग्रामचे शवविच्छेदन करत आहोत हे त्या दूरच्या सेवकाला आपल्या मागणीवरून कळते. म्हणूनच जीडीबीच्या अलीकडच्या आवृत्त्या जाळ्यावर जाण्यापूर्वी आपली परवानगी विचारतात. दुसरी गोष्ट सोयीची. हा सेवक आपल्या प्रयोगशाळेतील एखाद्या जुन्या यंत्रावरही चालवता येतो. त्याला विद्यार्थ्यांच्या बांधणीच्या फायली जेथे साठतात ती पेटी दाखवून द्यावी. तो त्यातले ठसे स्वतः वाचून सूची करतो. सांगितले नसेल तर तो ८००२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. ज्या महाविद्यालयात जाळ्याची गती बेताची असते तेथे हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

सरावासाठी कृती क्रमाने देतो. प्रथम प्रोग्राम 'डॅश जी' लावून कंपाइल करावा. पर्याय लावल्याने प्रोग्राम हळू चालतो असा एक गैरसमज आहे. जीसीसी कंपायलरच्या बाबतीत या पर्यायाने यंत्रभाषा बदलत नाही, केवळ सोबतचे बाड वाढते. मग 'ऑब्जकॉपी' आज्ञेला 'ओन्ली-कीप-डीबग' हा पर्याय देऊन नावनिशीची वेगळी फाइल काढावी. त्यानंतर मूळ प्रोग्रामला 'स्ट्रिप' लावावी. शेवटी पुन्हा 'ऑब्जकॉपी'ने 'ॲड-जीएनयू-डीबगलिंक' हा पर्याय देऊन चिठ्ठी चिकटवावी. हा क्रम मोडू नये. आधी स्ट्रिप केली तर वेगळे काढण्यास काही उरतच नाही.

झालेले काम तपासण्यासाठी 'रीडएल्फ डॅश एन' ही आज्ञा दोन्ही फायलींवर चालवावी. दोहोंत एकच बिल्ड आयडी दिसला पाहिजे. तो एका वहीत, तारीख आणि आवृत्तीसह लिहून ठेवावा. नावनिशीची फाइल प्रोग्रामबरोबर गिऱ्हाइकाला देण्याची सक्ती नाही. पण ती जपण्याची जबाबदारी मात्र बांधणाऱ्याचीच आहे.

ही जबाबदारी बांधणीच्या दिवशीच पार पाडावी लागते, हे मला विशेषत्वाने सांगावयाचे आहे. संहिता पुन्हा लिहिता येते, प्रोग्राम पुन्हा जोडता येतो, परंतु एखाद्या दिवशी निघालेला ठसा दुसऱ्या यंत्रावर पुन्हा जसाच्या तसा उमटवणे सहसा साधत नाही. मोठ्या संस्थांकडे यासाठी भांडारे आहेत, सेवक आहेत, माणसे आहेत. आपल्या तालुक्यांतून चालणारे प्रोग्राम मात्र बहुतेक एकट्यादुकट्याने लिहिलेले असतात, आणि लिहिणारा मुलगा दोन वर्षांत पुण्याला, हैदराबादला किंवा बंगळूरला निघून जातो. तो जाणारच; त्याने जाऊही नये का? पण जाण्यापूर्वी त्याने ती एक फाइल दुकानदाराच्या कपाटात, वर ठसा लिहिलेल्या पाकिटात ठेवून जावे. त्याच्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाला, तोही बहुधा तुमच्यासारखाच विद्यार्थी असेल, हंगामाच्या गर्दीत प्रश्नचिन्हांऐवजी नावे वाचावयास मिळतील.